सरदारची शीळ

"मादीच पाहिजे हं मामू. नक्की मादी."

मी हे बजावून सांगत होते आणि नदाफमामू मान हलवत होते. मिरजेच्या बाजारात पाखरांचं दुकान मांडून बसणारे मामू या धंद्यात मुरलेले. त्यांनी पिंजऱ्यात हात घालून एक करडं कॉकाटील, म्हणजे तुरेवाला लहान पोपट, अलगद मुठीत धरलं, उलटं केलं आणि शेपटीची पिसं माझ्यासमोर उघडली. पिसांना खालच्या अंगानं फिकट पिवळ्या आडव्या रेघा होत्या.

"ह्या रेघा बघा ताई. आता तोंड बघा, करडं हाय का न्हाई? नर असता तर तोंड पिवळंधमक आणि शेपूट साफ असती."

"शीळ घालत नाही ना?"

"मादी कशाला शिट्टी मारंल? शिट्ट्या मारायचा धंदा नराचा. ही बघा कशी गरिबागत बसलीया."

मला एवढंच ऐकायचं होतं. मी पाखरू पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घेतलं, खोक्याला भोकं आहेत ना ते बघितलं आणि सांगलीची एसटी पकडली. नाव वाटेतच ठरवलं, राणी.

माझं लग्न उशिरा झालं आणि बिजवराशी झालं. आमचे हे सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवत. पहिली बायको पद्मावती हृदयाच्या दुखण्यानं गेली होती. घरात हे, सासूबाई आणि एक कॉकाटील नर, एवढीच माणसं. पाखराला मी माणसांत धरते आहे हे माझ्या लक्षात आहे. त्या घरात त्याचा मान तेवढा होता. डोक्यावर शिरपेचासारखा तुरा म्हणून त्याचं नाव सरदार. पद्मावतीताई आजारी असताना यांनी त्यांच्यासाठी तो आणला होता, आणि त्याचा पिंजरा माडीवरच्या गॅलरीत, जिथं त्यांची आरामखुर्ची असे, तिथंच टांगलेला होता.

सरदार मला चावत असे. पिंजरा साफ करायला हात घातला की फिस्कारून अंगावर यायचा. यांच्या मात्र खांद्यावर बसून चष्म्याची काडी कुरतडायचा, मान खाली घालून डोकं खाजवून घ्यायचा. तेही मी सोसलं असतं. मला सोसवत नव्हती ती त्याची संध्याकाळची शीळ.

शाळा सुटून यांची सायकल गल्लीच्या कोपऱ्यावर वळली की गॅलरीतून सरदार शीळ घाली. दोन आखूड सूर, एक लांब, आणि शेवटी वर चढत जाणारा एक सूर. हे गॅलरीखाली येऊन थांबत. एक पाय जमिनीवर टेकवून मान वर करत आणि गॅलरीकडे बघत. मग सायकल बोळात लावून जिना चढून येत. दारात मी विचारायची, "आलात?" ते म्हणायचे, "हो." आणि खाली मान घालून चपला काढायचे.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिरक्या नजरेनं रोज बघत होते. त्या वेळी गॅलरीत मी चुकूनही जात नसे. जे बघणं दुसरीसाठी होतं त्याच्या वाटेत जाऊन कशाला उभं राहायचं?

नवी आले त्याच आठवड्यात मी चहा देताना विचारलं होतं, "ही शीळ त्याला कुणी शिकवली?"

"पद्मावतीच्या वेळची आहे," हे म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

मी पुन्हा विचारलं नाही. बैठकीत पद्मावतीताईंचा फोटो होता. बाई दिसायला सुरेख, सडसडीत, आणि ओठ असे जरासे पुढे. मी तो फोटो पुसताना दर वेळी त्या ओठांकडे बघायची. दिवसभर खुर्चीत बसून पाखराला शीळ शिकवणारी बाई मला डोळ्यांसमोर दिसायची. माझ्या माहेरी, चिकोडीकडं, बाईमाणसानं शीळ घातली तर आईनं पाठीत उलथनं घातलं असतं. तरी एकदा न्हाणीघराचं दार लावून मी ओठांचा चंबू करून बघितला. नुसती हवा निघाली. वर बंबाचा धूर डोळ्यांत गेला तो वेगळाच.

त्यांच्या साड्या आत्याबाईंनी केव्हाच वाटून टाकल्या होत्या. आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. त्यांच्या भांड्यांत मी स्वयंपाक करत होते, त्यांच्या तुळशीला पाणी घालत होते. त्यातलं काहीच मला टोचलं नाही. शीळ तेवढी रोज संध्याकाळी जिवंत व्हायची आणि माझा नवरा तिच्यासाठी मान वर करायचा. माझ्यासाठी तो एकदा तरी तसा वर बघेल का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता.

सरदारसाठी राळं आणायला मी अधूनमधून मिरजेला जायची. एकदा मामूंना सहज म्हटल्यासारखं विचारलं, की नर माणसाचा फार नाद करतो, काय करावं. मामू म्हणाले, "जोडी लावा. बायकू मिळाली की पाखरू माणसाला इचारत न्हाई." तिथून ही राणी आली.

मी खोकं उघडलं तेव्हा आत्याबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डोकावून बघितलं.

"आणि ह्ये काय?"

"मादी आणलीय, सरदारला जोडीदारीण."

"म्हंजे अंडी घालंल की. जैनाच्या घरात अंडं?"

"पाखराचं अंडं पाखराचं, आत्याबाई. आपण काय खाणार आहोत होय?"

त्यांनी जरा विचार केला. "पिल्लं हुतील न्हवं? मग असू दे," म्हणून पुन्हा जप सुरू केला.

हे संध्याकाळी आले, राणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कशाला आणखी?"

"सरदार एकटा पडलाय बिचारा."

"बरं केलंस," ते म्हणाले. मी चेहरा अगदी सरळ ठेवला.

काही दिवस दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवले आणि मग दोघांना एकत्र केलं. सरदारचं जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. पंख खांद्यापाशी उचलून धरायचे, छाती पुढं काढायची, चोचीनं दांडीवर टकटक करायची आणि राणीभोवती गात फिरायचं. राणी मुकाट ऐकून घ्यायची. मामूंचं म्हणणं खरं ठरलं. सरदार माणसांना विसरला. यांच्या खांद्यावर यायचा कंटाळा करू लागला, आणि एक दिवस सायकल कोपऱ्यावर वळली तरी गॅलरीतून काही ऐकू आलं नाही.

मी खिडकीत उभी होते. हे गॅलरीखाली थांबले. वर बघितलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग सायकल हातानं ढकलत बोळात गेले.

"आलात?" मी विचारलं.

"हो. सरदार बरा आहे ना?"

"ठणठणीत आहे. संसारात रमलाय."

मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. त्या दिवशी मी शेंगदाण्याची पोळी केली. पद्मावतीताईंच्या फोटोवरची धूळ पुसताना त्यांच्या ओठांकडे बघून म्हटलं, घाला आता शीळ.

पण पुढं झालं ते निराळंच. शीळ नाही म्हटल्यावर हे गॅलरीखाली थांबायचेच बंद झाले. मग यायलाही उशीर करू लागले. शाळेत फलक रंगवायचे आहेत, मुलांची चित्रं तपासायची आहेत. आले की "हो" म्हणत आणि आत जात. वर बघणं तर गेलंच, होतं तेवढं बोलणंही आटलं. मी शीळ बंद करून मिळवलं काय, ते मला कळेना. मला वाटलं, बाई जाताना नवऱ्याला घेऊनच गेली. मग मला तिचा आणखीच राग आला.

आत्याबाईंनी मात्र मनावर घेतलं होतं. त्यांनी पिंजऱ्यात एक लहान मडकं आडवं बांधून घेतलं, आत भुसा घातला, अंड्याला बळ यावं म्हणून समुद्रफेसाचा तुकडा लटकवला. रोज सकाळी त्या मडक्यात डोकावत.

"घातलं का गं अंडं?"

"नाही अजून."

"काय की बाई," त्या म्हणत आणि मडक्याकडची नजर माझ्यावर आणत. मी पदर सारखा करून आत जायची.

दिवाळीनंतर राणीची पिसं झडायला लागली. पिंजऱ्याखाली पिसांचा सडा पडायचा. मी घाबरले, हळदीचं पाणी करून ठेवलं. नवी पिसं आली तसं तिचं तोंड हळूहळू उजळू लागलं. आधी चोचीपाशी, मग गालांवर. शेपटीखालच्या रेघा एकेक करून गळून गेल्या. आत्याबाई म्हणाल्या, "मानवलंय गं हिला आपलं घर, कशी हळदीची नवरी दिसतीया." मीही तसंच समजून चालले होते, म्हणजे बघा.

मग ती गुणगुणायला लागली. तोंडातल्या तोंडात, चोच मिटून. आणि एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना सायकल कोपऱ्यावर वळली आणि गॅलरीतून शीळ आली. दोन आखूड, एक लांब, शेवटचा वर चढत गेलेला. मी हात तसेच घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत धावले. सरदार दांडीवर डोळे मिटून बसला होता. शीळ राणी घालत होती. तिची ऐकून सरदार जागा झाला आणि मग तोही लागला. दोघं मिळून.

खाली हे थांबले, त्यांनी मान वर केली आणि ते मोठ्यानं हसले. लग्नानंतर मी त्यांचं हसणं असं कधी ऐकलं नव्हतं. मी दाराआड होते, त्यांना दिसले नाही. एक शीळ बंद करायला मी मिरजेच्या बाजारात गेले होते आणि स्वतःच्या हातानं दुसरी घेऊन आले होते.

"राणीचा राजा झाला म्हण की," आत्याबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. मी हसले नाही.

सकाळी हे शाळेत गेल्यावर मी राणीला खोक्यात घातलं आणि निघाले.

"कुठं न्हेतीस त्याला?" आत्याबाईंनी विचारलं.

"बदलून आणते. मादी म्हणून नर गळ्यात मारला मामूनं."

"असू दे की. गातंय ग्वाड."

मी चपला घातल्या.

मामूंनी खोकं उघडलं, राणीला उलटंसुलटं केलं आणि स्वतःच कपाळाला हात लावला. "पहिली पिसं झडायच्या आधी सगळीच मादीगत दिसत्यात ताई. त्येच तोंड, त्याच रेघा. मी बी फसलो. तुमाला मुद्दाम न्हाई फसवलं." त्यांनी दुसऱ्या पिंजऱ्याकडे बोट केलं. "ही घ्या. अंडी घातलेली मादी हाय, आता चूक व्हायची न्हाई. ह्यो ठेवून जावा हितं, असला गाणारा नर कुणीबी उचलंल."

मी हो म्हणणार तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला. राणीनं तुरा उभा केला, शीळ घातली, दोन आखूड, एक लांब, शेवटचा वर, आणि त्यामागोमाग स्वच्छ म्हणाली, "आलात?"

गिऱ्हाईक दचकून म्हणालं, "आलो की."

मामू माझ्याकडे बघत राहिले. "ताई, ह्यो तर तुमचा आवाज."

माझाच होता. त्यातला 'ला' मी जरा लांबवते, तोसुद्धा. रोज संध्याकाळी दारातून गॅलरीपर्यंत जे ऐकू जात होतं ते त्या पाखरानं एका दोऱ्यात ओवलं होतं. आधी शीळ, मग मी.

खरं तर हरखून जायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की इथंही मी दुसरीच. पुढं पद्मावतीताईंची शीळ आणि मागं शेपटासारखी मी. राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. पण माझा आवाज दुकानात सोडून कसं जायचं? उद्या कुणी परका माणूस तो उचलून घरी नेणार आणि दारात ते पाखरू त्याला माझ्या आवाजात "आलात?" म्हणणार. मी खोकं बंद केलं.

"राहू द्या मामू. आमचा आम्हाला बरा."

घरी येऊन खोकं आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि मी जमिनीवर बसले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"न्हाई बदललं?"

"काय बदलायचंय? सगळं त्यांचंच आहे या घरात. पाखरंसुद्धा. एक होतं, आता दोन त्यांची शीळ घालतात."

"कुणाची?"

"पद्मावतीताईंची. आणखी कुणाची?"

आत्याबाईंनी जपमाळ खाली ठेवली. "पद्मीला कुठली गं शिट्टी येती? चार शब्द बोलली तर धाप लागायची तिला. हाका मारू नगं म्हणून डाक्तरांनी बजावलं हुतं."

"मग?"

"शिट्टी भूपालची, तुझ्या नवऱ्याची. कोपऱ्यावरनं सायकलवरच मारायचा. म्हंजे तिला कळावं ह्यो आला, तिनं उठून बघायला जाऊ नये. मग ती खुर्चीतनं कठड्यावर नुसता हात ठेवायची. खालनं हात दिसला की ह्यो वर यायचा. पाखरानं ऐकून ऐकून उचलली. ती गेली आणि भूपालनं शिट्टी सोडली ती सोडलीच. पाखराला कोण सांगणार सोड म्हणून?"

मी तांब्या खाली ठेवला. इतके महिने मी ज्या शिळेवर जळत होते ती माझ्याच नवऱ्याची होती. आणि त्या पाखरानं शिळेमागं मला लावलं होतं म्हणजे काय केलं होतं, ते मला आता कळत होतं. आधी हे, मग मी. त्यात तिसरं कुणी नव्हतंच.

"आजवर बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस का कवा?"

संध्याकाळी चहाचं आधण तसंच ठेवून मी गॅलरीत गेले. आरामखुर्ची बाजूला सरकवली आणि कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. मग तो हात तिथं असणं बरं वाटेना, म्हणून काढला. मग पुन्हा ठेवला. दोन्ही पाखरं राळ्याच्या कणसाला लागली होती, त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

सायकल वळली. शीळ आली नाही. हे गॅलरीखालून पुढं चालले होते, सवयीनं नजर वर गेली, आणि त्यांनी ब्रेक दाबला.

"काय झालं?" त्यांनी खालूनच विचारलं. "आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. काही झालं नाही."

"मग तू इथं?"

"शीळ तुमची आहे म्हणे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गल्लीत माणसं जात-येत होती. समोरच्या ओट्यावर चौगुलेकाकू वाळलेल्या शेवया गोळा करत होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या.

"आईनं सांगितलं?"

"हो. इतके दिवस वर कुणाला बघत होता?"

"कुणी आहे का ते बघायचो."

"आणि?"

"कुणी नसायचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचीस. दिसायचीस इथून. म्हटलं, हिला गॅलरीत उभं राहायला आवडत नसेल."

एवढे दिवस मी तिरक्या नजरेनं बघत होते आणि या माणसाला ते ठाऊक होतं.

"घाला की एकदा," मी म्हटलं.

"आता? इथं?"

"मग कुठं, शाळेत?"

त्यांनी चौगुलेकाकूंकडे बघितलं. काकूंनी शेवयांत तोंड घातलं. मग यांनी ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, माझी न्हाणीघरात निघाली होती तशीच. दुसऱ्या खेपेला जमली. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटचा सूर वर चढत माझ्यापाशी आला.

मी तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून रोज विचारत आले होते तेच विचारायचं होतं, पण आज दारातून नाही, इथून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि माझा आवाज फुटायच्या आत माझ्या पाठीमागून, पिंजऱ्यातून, माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "आलात?"

"आलो," हे खालून म्हणाले आणि पिंजऱ्याकडे बघून खो खो हसत सुटले.

मला त्या राणीचा असा काही राग आला. पद्मावतीताईंचाही तेवढा कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सायकल कोपऱ्यावर दिसली की मी आधी पिंजऱ्यावर टॉवेल टाकायची आणि मग कठड्याशी जाऊन उभी राहायची.